दीड वर्षाच्या लेकीला घेऊन क्रूझवर: बाबागाडी न्यावी की कडेवरच?

रेवाचीआई
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आम्ही सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जातोय. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. मी, नवरा, सासू-सासरे आणि रेवा. रेवा तेव्हा एकोणीस महिन्यांची असेल. नुकतीच चालायला लागली आहे, म्हणजे खरं तर पळायलाच. हात धरू देत नाही, आणि दमली की जिथे असेल तिथे खाली बसते. वजन साडेदहा किलो. सासूबाईंच्या गुडघ्याचं दुखणं आहे, त्यामुळे त्यांच्या कडेवर द्यायचा प्रश्नच नाही.

घरी मोठ्या चाकांची दणकट बाबागाडी आहे. कोथरूडच्या फुटपाथवर तीच चालते. पण जहाजावर ती न्यावी का? लिफ्टमध्ये, केबिनमध्ये मावते का? बंदरावर उतरताना काय करायचं? फुकेतला म्हणे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीतून जावं लागतं. त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. जेवणाचं आणि झोपेचंही सांगा. ज्यांनी केलंय त्यांनी बारीकसारीक लिहा, प्लीज.

ओंकार_कर्वेनगर
आम्ही मागच्या वर्षी मुंबई-गोवा-मुंबई केली, मुलगा सोळा महिन्यांचा होता. तुमची मोठी गाडी घरीच ठेवा, हे आधी सांगतो. केबिनचं दार घरच्या दारापेक्षा बरंच अरुंद असतं. आमची गाडी आडवी-तिडवी करूनही आत गेली नाही, दर वेळी बाहेर घडी घालून आत न्यावी लागली. आणि बाहेर पॅसेजमध्ये ठेवू देत नाहीत. आग लागली, धावपळ झाली, तर ती वाट मोकळी हवी म्हणून. ते बरोबरच आहे, तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं.

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी घ्या, आणि ती एका हाताने मिटते ना ते दुकानातच मूल कडेवर घेऊन करून बघा.

दुसरं, मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि केबिनच्या दाराशी आणून ठेवतात, पण त्याला वेळ लागतो. आम्ही डेक्कन क्वीनने सीएसएमटीला उतरलो, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ, साडेअकराला धक्क्यावर हजर होतो. बॅगा मिळाल्या संध्याकाळी सातनंतर. डायपरचं मोठं पाकीट त्याच बॅगेत होतं. हातातल्या पिशवीत दिवसभराचे डायपर, दोन कपड्यांचे जोड, खाऊ, औषधं आणि दुपटं असू द्या.

पेठेतली_मावशी
मला विचाराल तर तीन वर्षांची होईपर्यंत थांबा. एवढ्या लहान लेकराला काय आठवणार आहे? पाण्यात उतरू देत नाहीत, खेळघरात घेत नाहीत, आईबापाला बसायला मिळत नाही. पैसे जातात ते वेगळेच.

ओंकार_कर्वेनगर
मावशी, पाण्याचं आणि खेळघराचं तुमचं म्हणणं खरं आहे. बहुतेक मोठ्या जहाजांवर डायपरमधल्या मुलांना तलावात घेत नाहीत, पोहायचं डायपर घातलं तरी नाही. लहान मुलांचा क्लब तीन वर्षांपासून, तोही शी-शू सांगता येत असेल तर. काही जहाजांवर सहा महिन्यांपासून पाळणाघर असतं, तासावर पैसे घेऊन. बुकिंग करतानाच विचारायला हवं.

पण आठवण्याचं म्हणाल तर माझ्या आईवडिलांनी त्या तीन दिवसांत नातवाबरोबर जे केलं ते त्यांना आठवतं. एरवी ते साताऱ्याला, आम्ही पुण्यात.

जहाजी_काका
मी एकतीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, बहुतेक काळ मालवाहू जहाजांवर. प्रवासी म्हणून नातीला घेऊन दोनदा क्रूझ केली. तुम्ही होडीचं विचारलंत, पण मी केबिनपासून सुरू करतो, कारण पुढचं बरंच त्यावर ठरतं.

केबिन जहाजाच्या मधोमध आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्या. जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा टोकं सगळ्यात जास्त वर-खाली होतात, मध्यभाग कमी. पाळण्याच्या मधोमध बसल्यासारखं समजा. मधली लिफ्टही जवळ पडते. मात्र गर्दीही तिलाच. पहिल्या दिवशी, जेवणाच्या वेळेला आणि रात्रीचा कार्यक्रम सुटल्यावर बाबागाडीला आत शिरायला मिळत नाही. तेव्हा पुढच्या किंवा मागच्या टोकाची लिफ्ट गाठा. वर जायचं असलं तरी खाली जाणारी पकडून आत बसून राहिलात तर तीच वर नेते.

डेकवर जाणारी दारं जड असतात आणि वाऱ्याने आपटतात. लहान मुलांची बोटं तिथे सापडतात. दार आधी एकाने उघडून धरायचं, मग दुसऱ्याने मुलाला घेऊन जायचं. काही दारांना खाली उंबरा असतो, चांगला चार बोटं उंच. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो. गाडीची पुढची चाकं त्यात अडकली की मूल पुढे फेकलं जातं. म्हणून उंबऱ्याला गाडी वळवून घ्यायची, मागची मोठी चाकं आधी पार करायची. गाडीत पट्टा कायम बांधलेला, आणि गाडी उभी केली की ब्रेक. जहाज हलतंय हे आपल्याला जाणवत नाही, चाकांना जाणवतं.

बाल्कनी घेणार असाल तर तिथल्या खुर्च्या कठड्यापासून लांब, शक्य तर आत. मूल जागं असताना बाल्कनीचं दार बंद आणि वरची कडी लावलेली.

सुरक्षेची कवायत चुकवू नका. २०१२ साली कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी ती घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. पंधरा किलोच्या आतल्या मुलांचं लाइफजॅकेट वेगळं असतं. केबिनमध्ये नसेल तर पहिल्याच तासात मागून घ्या आणि एकदा घालून बघा. मूल रडेल, पण बंद कुठे लागतात ते तुमच्या हाताला कळलेलं असलं पाहिजे.

आता होडी. तिला टेंडर म्हणतात. मूल कडेवर नको, अंगाला बांधलेलं हवं, पुढच्या बाजूला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. गाडी मिटून खलाशाच्या हातात द्या, तो आधी ती आत घेतो. होडी लाटेवर वर-खाली होत असते. ती वर आली की तो ‘आता’ म्हणेल, तेव्हाच पाऊल टाकायचं, त्याच्या आधी नाही. त्याने आपलं मनगट धरायचं आणि आपण त्याचं. नुसती बोटं धरली तर निसटतात.

समुद्र खवळलेला असेल तर कॅप्टन होडीची फेरी रद्द करतो. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

रेवाचीआई
काका, तुमचं उत्तर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मनगटाचं वाचल्यावर त्यांनी लगेच नवऱ्याचं मनगट धरून बघितलं. मनापासून आभार.

हर्णैची_लेक
काकांचं वाचून मला आमचं लहानपण आठवलं. मी आता बहात्तर वर्षांची, सध्या मुक्काम सहकारनगर. रस्ते धड नव्हते तेव्हा आम्ही सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून बोटीने हर्णैला जायचो. बोट बंदराला लागायची नाही, बाहेर उभी राहायची, आणि पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरावं लागायचं. धाकटा भाऊ तेव्हा वर्षाचा असेल. आईने त्याला लुगड्याने पोटाशी आवळून बांधलं होतं. पडाववाले ओरडायचे, ‘मूल इकडे द्या.’ आईने कधी दिलं नाही. ती म्हणायची, पोर माझ्या अंगावर आहे तोवर मला भीती नाही. रेवाच्या आई, तू पण बांधूनच ने.

सिंगापूरी_भिडे
मी अकरा वर्षं सिंगापुरात आहे, माहेर सदाशिव पेठ. इथल्यापुरतं लिहिते.

बाबागाडीने फिरायला हे शहर फार सोपं आहे. प्रत्येक एमआरटी, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनला लिफ्ट आहे, रुंद फाटक वेगळं असतं. बसमध्येही २०१७ पासून गाडी न मिटता नेता येते. नव्वद सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीट नाही. मरीना बे क्रूझ सेंटरला मरीना साउथ पिअर हे लाल लाइनचं शेवटचं स्टेशन आहे, तिथून जरा चालावं लागतं. पण तुमच्याकडे चार मोठ्या बॅगा आणि सासूबाई आहेत, तेव्हा गाडी करा.

त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरून येणाऱ्या खासगी गाडीला नाही. तशी गाडी मागवलीत तर सीटवाली निवडा, नाहीतर ड्रायव्हर नेणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

आणखी दोन गोष्टी. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुमचा प्रवेश दोनदा होतो. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते रेवाच्याही कागदावर बघा. आणि अरायव्हल कार्ड येण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं, तान्ह्या मुलांचंसुद्धा भरावं लागतं.

मुग्धा_पाषाण
खाण्याचं मी सांगते, माझी जुळी आहेत. बाहेरचं शिजवलेलं अन्न जहाजावर चालत नाही, पण बाळाचं बंद पाकिटातलं खाणं बहुतेक जण नेऊ देतात. नाचणी सत्त्व, मेतकूट आणि मुगाच्या डाळीच्या खिचडीची कोरडी पाकिटं न्या. केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली नेऊ देत नाहीत, आगीच्या भीतीने. त्यामुळे थर्मास. बुफेवर उकळतं पाणी मिळतं. मऊ भात आणि वरण हवं असेल तर पहिल्याच रात्री वाढणाऱ्या माणसाला सांगून ठेवायचं, दुसऱ्या दिवसापासून ते आठवणीने आणतात.

आंघोळीला बादली-तांब्या नसतो, नुसता शॉवर. माझ्या मुलांनी तर शॉवर बघूनच आकांत केला. मी दुसऱ्या वेळी फुगवायचा छोटा टब नेला.

आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून लोहचुंबकाचे हूक घ्या. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, हूक चिकटतात. पिशव्या, ओले कपडे, टोप्या सगळं वर टांगता येतं आणि जमीन मुलांना मोकळी राहते.

पर्वतीपायथा
बोट लागण्याचं कोणी लिहिलं नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा लागत नाही, त्यानंतर बारापर्यंतच्या मुलांना जास्त लागते. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. जाण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून ताप, उलटी, जुलाब यांची औषधं वजनाच्या मापाने लिहून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण महाग पडतो. प्रवास विमा रेवाचाही काढा.

रेवाचीआई
सगळ्यांचं वाचून आम्ही असं ठरवलंय. साडेपाच किलोची छत्रीसारखी मिटणारी गाडी घेतली. अंगावर बांधायची कापडी झोळी एका मैत्रिणीकडून आणली. केबिन मधली, बाल्कनीशिवाय, खिडकीवाली.

आणि सराव सुरू केला आहे. शनिवारी रेवाला झोळीत घालून मेट्रोने गेलो. जिल्हा न्यायालय स्टेशन जमिनीखाली तेहतीस मीटरवर आहे, तिथे लिफ्ट, सरकते जिने, गर्दी सगळंच मिळतं. गाडी मिटायची, तिला झोळीत घ्यायचं, परत उघडायची. सहाव्यांदा मला अर्ध्या मिनिटात जमलं. नवऱ्याला अजून एक मिनिट लागतं.

जहाजी_काका
शाबास. हा सराव कोणी करत नाही.

रेवाचीआई
परत आलो! तीन आठवडे झाले, आधी लिहायला हवं होतं, पण आल्यावर रेवाला सर्दी आणि मग मला. आता नीट लिहिते, कारण मला इथूनच सगळं मिळालं.

आधी झोप, कारण त्याने आमचे पाचही दिवस सोपे केले. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. रेवा पुण्यात नऊला झोपते, म्हणजे तिथले साडेअकरा. आम्ही तिचं घड्याळ बदललंच नाही. रात्रीच्या जेवणाची उशिराची पंगत घेतली. इतर मुलं पेंगत असायची तेव्हा ती टक्क जागी आणि खुशीत असायची. सकाळी मात्र तिथल्या साडेनऊला उठायची. म्हणजे पेनांगला उतरणाऱ्यांची मोठी रांग ओसरल्यावर आम्ही निघालो आणि लिफ्ट रिकामी मिळाली.

पाळणा मागितला होता, तो उघडल्यावर केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरेना. दिवसा मिटून ठेवायला सांगितला, तर केबिन सांभाळणाऱ्या दादांनी रोज संध्याकाळी न सांगता उघडून, चादर घालून ठेवला. बोहरी आळीचे आठ हूक नेले होते, आठही भरले. मिटलेली गाडी कपाटाशेजारी उभी राहायची.

जहाजावर गाडी कमीच वापरली. रेवाला चालायचं होतं आणि ते लांबच लांब पॅसेज गालिच्याचे आहेत, पडली तरी लागत नाही. रोज दुपारी सासरे तिला घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. मजला एकच, लिफ्ट नाही, जिना नाही. प्रत्येक दाराचा आकडा ते तिला वाचून दाखवायचे. ‘आठ’ हा शब्द ती तिथे शिकली.

तलावाचं मावशी आणि ओंकारने सांगितलं तसंच होतं. डायपरवाल्या मुलांसाठी आमच्या जहाजावर कारंज्यांचा एक छोटा कोपरा वेगळा होता. सगळे पेनांगला उतरलेले असताना तिथे फक्त रेवा आणि एक चिनी बाळ. दोघांनी तासभर एकमेकांवर पाणी उडवलं.

पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं, स्वेटनहॅम पिअरला, आणि समोरच जॉर्ज टाउन. घड्याळाचा मनोरा आणि कॉर्नवालिस किल्ला चालत दहा-पंधरा मिनिटांवर. इथे गाडी घेऊन उतरलो आणि पंचाईत झाली. जुन्या भागात दुकानांपुढे छप्पर असलेली वाट आहे, आपल्या वाड्याच्या ओसरीसारखी, पण प्रत्येक दुकानाने आपापली ओसरी वेगळ्या उंचीवर बांधलेली. दर पंधरा पावलांवर पायरी, मध्ये लावलेल्या दुचाकी. खाली रस्त्यावर उतरावं तर ऊन आणि वाहनं. गाडी मिटली आणि तिला झोळीत घेतलं. सासूबाईंसाठी शहरातली फुकटची बस घेतली, ती गावभर फिरवते. लिटल इंडियात केळीच्या पानावर भात आणि सांबार मिळालं. रेवाने दोन वाट्या भात खाल्ला, पहिल्यांदाच त्या प्रवासात पोटभर. दीडला आम्ही जहाजावर परत. किल्ला आतून बघायचा राहिला.

फुकेत. तिथल्या पाटाँग किनाऱ्यासमोर जहाज नांगर टाकून उभं राहिलं. सासू-सासऱ्यांनी उतरायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. काका, मी खरंच घाबरले होते. पहिल्या तासाची गर्दी जाऊ दिली, अकराला खाली गेलो. रेवा माझ्या पोटाशी बांधलेली, गाडी नवऱ्याने खलाशाकडे दिली. होडी हात-दीड हात वर-खाली होत होती. मी पाय पुढे टाकणार तेवढ्यात खलाशाने हात आडवा केला, थांबवलं, पुढच्या लाटेला ‘नाऊ’ म्हणाला आणि माझं मनगट धरलं. मी त्याचं धरलं. आत बसेपर्यंत श्वास घेतला नव्हता. रेवा झोळीतून डोकं बाहेर काढून ‘पाणी, पाणी’ करत होती.

वाळूत गाडीची चाकं रुततात, ती उगाच नेली. पाटाँगला गाडी लागतच नाही, झोळी पुरे. दीड तास वाळूत खेळून परत आलो. आणि घड्याळ! थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. नवऱ्याच्या मोबाइलने आपोआप वेळ बदलली, जहाज मात्र सिंगापूरच्या वेळेवर. शेवटची होडी जहाजाच्या वेळेने असते. मी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवलं होतं म्हणून घोळ झाला नाही.

शेवटच्या सकाळी बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या होत्या. सकाळचे कपडे आणि डायपर हातात ठेवले, ओंकार, तुमच्यामुळे.

हर्णैची_लेक
वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. आजोबांनी दारांचे आकडे शिकवले ते फार आवडलं. सासूबाई काय करत होत्या दिवसभर?

रेवाचीआई
आजी, त्या सहाव्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीशी बसायच्या. तिथे वाऱ्याचा त्रास नव्हता आणि खुर्ची चांगली होती. रेवा दमली की तिथेच त्यांच्या मांडीवर झोपायची. कडेवर घेता येत नव्हतं ना, मग पाच दिवस मांडी त्यांचीच.

पेठेतली_मावशी
बरं झालं गेलीस. मी थांब म्हटलं होतं ते मागे घेते. फुकेतला न उतरता जहाजावरच थांबलं असतं तर चाललं असतं का? माझी सून विचारतेय, तिचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे.

रेवाचीआई
मावशी, नक्की चाललं असतं. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं होतं, लिफ्ट मोकळी, बुफेला रांग नाही, कारंज्यांचा कोपरा आपलाच. चौदा महिन्यांचं बाळ असेल तर मी होडीच्या बंदरावर उतरणार नाही आणि धक्क्याच्या बंदरावर दोन तास उतरेन. सूनबाईंना सांगा, झोळी माझ्याकडे धुऊन ठेवलेली आहे. मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली पुढे द्या. कोथरूडला आलात की घेऊन जा.

ओंकार_कर्वेनगर
गाडीची रुंदी किती होती ते लिहा ना, बरेच जण विचारतील.

रेवाचीआई
चाकांच्या बाहेरच्या कडेपासून सेहेचाळीस सेंटिमीटर. दारातून न मिटता आत गेली, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राहिली.